समुद्राची चतुःसीमा

नागनाथकाकांनी तुमचा एक फोटो काढला की पाच निघाले असं समजायचं. एक तुमचा. मग ते म्हणतात, "बाजूला हो, पण चप्पल तिथंच राहू दे." चप्पल ही खूण. तुम्ही अनवाणी बाजूला उभं राहायचं आणि काका तुमच्या चपलेपाशी येऊन पूर्वेचा एक, पश्चिमेचा एक, उत्तरेचा एक, दक्षिणेचा एक असे चार फोटो काढतात. माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरीचा एक फोटो निघाला. बाकी चारांत काय आलं, तर आचाऱ्याची पाठ, जनरेटर, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या आणि पान थुंकलेली भिंत. नवरानवरी तेवढा वेळ चपला सोडून तापलेल्या फरशीवर नाचत होती.

काका आमच्या शेजारी राहतात, धाराशिवात, भिंतीला भिंत लागून. उभी नोकरी जमीन मोजण्यात गेली. जिल्ह्यातला असा बांध नसेल ज्याच्यावर काकांनी उन्हात उभं राहून दोन भावांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. जमिनीच्या कागदावर पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, असं चारी बाजूंचं लिहावं लागतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. काका रिटायर झाले, पण चतुःसीमा काही रिटायर झाली नाही. "चतुःसीमा नसलेला फोटू म्हंजे बिनहद्दीचं रान," ते म्हणतात. "कुणीबी घुसावं."

फोटोंची एक वही आहे. मूळ फोटोला गट नंबर आणि चारी बाजूंना पोटहिस्से. मला एकदा शाळेच्या कुठल्याशा फॉर्मसाठी माझाच फोटो हवा होता. काकांकडं मागितला. त्यांनी वही काढली, चष्मा पुसला, बोट फिरवलं आणि "गट चौदा" म्हणत स्टुडिओतून एक प्रिंट आणून दिली. ती होती आमच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीची. मी म्हटलं, "काका, ही मी नाही." "व्हय की," काका वहीत बघून म्हणाले, "हा तुझा दक्षिण पोटहिस्सा हाय."

आणि एकही फोटो उडवायचा नाही. हललेला असो, बोट आलेला असो, निव्वळ काळा असो. वहीत लाल शाईनं 'रद्द' लिहायचं, पण फोटो कार्डात राहणार. "रेकॉर्ड खोडायचा अधिकार मला न्हाय, वरिष्ठांना हाय."

"मग वरिष्ठांना विचारा की."

"वारले."

आता बोला. मी मास्तरीण आहे, चोवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतेय, आणि माझं डोकं चुलीवर ठेवल्यासारखं लवकर तापतं हे मी स्वतःच सांगते. काकांपुढं मात्र ते तापून तापून थंड होतं, कारण माणूस भांडतच नाही. मी कितीदा म्हटलं, मोबाईलवर फोटो काढत जा, जागेची फिकीर नाही. काकांना ते पटत नाही. लेकीनं पुण्याला नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना बापाला दिला, तोच ते गळ्यात घालतात. "मोबाईल वाजतो," म्हणतात. "वाजणाऱ्या वस्तूत कुणी रेकॉर्ड ठेवतं का?"

सिंधूकाकू म्हणजे काकांची बायको. अणदूरची लेक, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तीन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला आणि डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं आलं नाही. तेव्हापासून काकांचं सगळं आयुष्य त्या आतल्या खोलीतल्या पलंगाभोवती फिरतं. वेणी तेच घालतात. वाकडी घालतात, पण घालतात.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या तीन घरांनी मिळून कोकणात जायचं ठरवलं. काका नाहीच म्हणाले. तर काकूनंच त्यांना झापलं. मी तिथंच बसले होते.

"मी पडलीय म्हणून त्या समुद्रानं काय घोडं मारलंय? माझी भन येती अणदुराहून, ती बघंल माझं. तुमी जावा. आन् मला आणून दावा."

"काय आणू?"

"समुद्र! आन् तुकडा नगं. अख्खा आणा."

"अख्खा कसा गं आणू?"

"अख्खा जिल्हा मोजलाव की साखळी घिऊन. एक समुद्र व्हईना तुमच्यानं?"

झालं. काका तयार झाले. काकूला समुद्र आणून दाखवायचा, अख्खा, हे एकच काम डोक्यात घेऊन माणूस सहलीला निघाला. पण निघायच्या आधी एक घोळ घातलाच. आमच्या ह्यांनी, म्हणजे दिलीपनी, गुहागर ठरवलं होतं. काका दोन दिवस महाराष्ट्राचा नकाशा पसरून फूटपट्टी घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "जायचं तर दिवेआगरलाच."

"का हो काका? तिथं काय आहे?"

"तिथं बराबर पडतंय."

"काय बरोबर पडतंय?"

"रेष," काका म्हणाले आणि नकाशाची घडी घातली. कसली रेष, कुणाला कळलं नाही. पण काका आयुष्यात पहिल्यांदाच हट्ट करत होते, म्हणून दिलीपनी गुहागर सोडलं.

जीप निघाली. बार्शीत चहाला थांबलो तर चहाच्या टपरीची चतुःसीमा झाली. भिगवणच्या पुढं टायर पंक्चर झाला तर टायरची झाली. ताम्हिणी घाटात धबधबा लागला, काकांनी धबधब्याचा फोटो काढला आणि बाकीच्या तीन बाजू उरकून चौथ्या बाजूसाठी मागं मागं सरकायला लागले. मागं दरी होती. ड्रायव्हरनं त्यांचा सदरा धरला म्हणून बरं. "आवो आजोबा, तिकडं काय न्हाय!" तो ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "काय न्हाय तर काय न्हाय असं लिहायला लागतं." आणि वहीत खरंच लिहिलं, दक्षिणेस काही नाही.

दिवेआगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्यातल्या निम्म्या जणांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला, मीसुद्धा. पोरं, बाया, बापये, सगळे पाण्याकडं पळाले. काका पळाले नाहीत. त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. वाळूतनं थोडं उत्तरेला चालले, थांबले, मान हलवली, परत थोडं दक्षिणेला आले. एक काठी सापडली ती वाळूत रोवली. मग समुद्राचे नीट फोटो काढले, नऊ. डावीकडचा किनारा, उजवीकडचा किनारा. इथवर ठीक होतं.

त्याच्यानंतर त्यांनी समुद्राकडं पाठ केली.

सूर्य बुडायला आलेला. अख्खं आभाळ लाल झालेलं. ज्यासाठी माणसं कुठून कुठून येतात ते सगळं काकांच्या पाठीमागं चाललं होतं आणि हे गृहस्थ सुरूच्या झाडांकडं तोंड करून एकामागनं एक फोटो काढत होते. समोर काय, तर सुरूचं बन, वाळूतली पायवाट आणि आमची जीप.

"काका! समुद्र तिकडं आहे!" मी ओरडले.

"समुद्र कुठं पळून चाललाय?" काका म्हणाले. कॅमेरा डोळ्याला लावलेला तसाच. "तू बग. मी हिकडं बगतो."

मला वाटलं, म्हातारपण. दिलीपना म्हटलं, ह्यांना काहीतरी झालंय. दिलीप म्हणाले, सुट्टी आहे, ज्याला जिकडं बघायचंय तिकडं बघू दे. अंधार पडेपर्यंत काका तिथंच होते. ओढून जेवायला आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जंजिऱ्याला गेलो. समुद्रातला किल्ला. काका सकाळपासून खूश, कारण काकूनं चौथीच्या पुस्तकात त्याचं चित्र बघितलं होतं म्हणे. धक्क्यावर उभं राहून त्यांनी कॅमेरा वर केला आणि खाली घेतला. परत वर केला. मग माझ्याकडं आले आणि कॅमेरा पुढं धरून म्हणाले, "सुरेखा, हे काय म्हणतंय बग."

कॅमेरा म्हणत होता, कार्ड भरलं.

"उडवा थोडे," मी म्हटलं.

"न्हाय."

"दुसरं कार्ड?"

"न्हाय."

"मग मी मोबाईलवर काढते किल्ला."

"ते वाजतंय," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. किल्ल्याकडं बघत धक्क्याच्या कठड्यावर बसले. होडी भरत आली होती. "तिला सांगून आलोय गं, किल्ला आणतो म्हणून," एवढंच बोलले आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन तोंड धुवायला नळावर गेले.

खरं सांगते, मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी शहाणपणा करते. कॅमेरा चालू करून फोटो मागं मागं नेत गेले. समुद्राचे नऊ, सुंदर. किनारे, ठीक. आणि त्याच्यानंतर सुरूची झाडं. सुरूची झाडं. सुरूची झाडं आणि जीप. सुरूची झाडं. मोजली, एकेचाळीस! वर्गात एकच उत्तर लिहिलेल्या एकेचाळीस वह्या आल्या तर मी काय करते? सरळ काट मारते. इथंही तेच करायला घेतलं.

"अगं, विचार तरी त्यांना," दिलीप म्हणाले.

"विचारलं तर चतुःसीमा सांगत बसतील, होडी जाईल. काकूला सुरूची झाडं बघायचीत का समुद्र?"

प्रत्येक फोटोला तो कॅमेरा विचारत होता, नक्की का? मी प्रत्येक वेळी बटण दाबत होते, नक्की. एकेचाळीस वेळा विचारलं बिचाऱ्यानं.

काका आले, कॅमेरा लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरं! जागा झाली की!" कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "थंडीनं आखडलं असंल. उन्हात सुटलं."

"असेल," मी म्हटलं. खोटं बोलले. होडीत काका इतके आनंदात होते की खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. किल्ल्याच्या चारी बाजूंना पाणी बघून तर त्यांनी ड्रायव्हरला टाळी दिली. "ह्येला म्हंत्यात जागा! हद्दीचा वादच न्हाय!" भराभर फोटो काढले. मी मोकळं केलेलं सगळं कार्ड संध्याकाळपर्यंत परत भरलं, म्हणजे उडवलेले परत आणायची वाटसुद्धा बुजली. हे मला नंतर स्टुडिओवाल्यानं सांगितलं.

परतीच्या प्रवासात काकांनी वही काढली. एक एक फोटो बघायचा आणि वहीत टिक करायची. ताम्हिणी मागं पडला आणि काकांचं बोट थांबलं.

"समुद्राच्या गटाला पूर्वच न्हाय," ते म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी फोटो पुढं नेले, मागं आणले, वही उलटी धरून हलवली, जणू त्यातून पडतील. "मी काढले हुते. ह्ये बग, लिवलंय. एकेचाळीस. दिलीप, तू बगितलंस ना मला काढताना?"

दिलीप माझ्याकडं बघायला लागले. मी डोळ्यांनी गप्प केलं.

"काढलेच न्हाईत का मी?" काका स्वतःशीच म्हणाले. मग डोळे मिटून हळूच बोटं मोजायला लागले. "भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, तुळजापूर, धाराशिव. आठ. बराबर हाय." जिल्ह्याचे तालुके मोजत होते. डोकं जागेवर आहे का ते तपासत होते. थोड्या वेळानं परत मोजले. इंदापूर येईस्तोवर चार वेळा.

मग माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापाचं असंच सुरू झालं हुतं. केलेलं न्हाय वाटायचं, न केलेलं केलं वाटायचं. माझं तसं झालं तर सिंधूकडं कोण बगणार गं?"

त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. काका, तुमचं डोकं ठणठणीत आहे, माझंच फिरलं होतं. एवढंच तर बोलायचं होतं. पण जीप भरलेली, सगळे ऐकणार, सगळ्यांना अक्कल शिकवणारी मी. तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, पाणी हवंय का?" चोवीस वर्षं पोरांना सांगतेय, चूक कबूल करा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण म्हणतात ते हेच. घरी आल्यावर दिलीप माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी काकूनं बोलावलं. "ये गं, समुद्र आलाय."

मी त्यांच्या आतल्या खोलीत एरवी जायची ती काकूची विचारपूस करायला, दारातल्या खुर्चीत बसून. त्या दिवशी आत गेले आणि चक्रावले. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेला. काकूला पाठीशी तीन उशा देऊन, पश्चिमेच्या भिंतीकडं तोंड करून बसवलेलं. त्या भिंतीवर मोठ्या मोठ्या प्रिंटा चिकटवल्या होत्या, समुद्राच्या, एकाला एक जोडून. उजव्या भिंतीवर उत्तरेचा किनारा. डाव्या भिंतीवर दक्षिणेचा. काकू समुद्राच्या काठावर बसली होती. अख्ख्या.

तीन वर्षं हे असं चाललं होतं, आणि भिंतीला भिंत असून मला ते त्या दिवशी कळलं. तेरची देवळं, नळदुर्गचा किल्ला, सोनारीची जत्रा, माझ्या भाचीचं लग्नसुद्धा. काका जाऊन यायचे आणि काकूला मधोमध बसवून चारी भिंती लावायचे, म्हणजे तीही जाऊन यायची. माझ्या भाचीच्या लग्नात काकूनं जनरेटर बघितला होता, आणि आचाऱ्याची पाठ बघून स्वयंपाक कोणी केला ते ओळखलं होतं.

"लई मोठा हाय गं," काकू समुद्राकडं बघत म्हणाली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आन् माझ्या मागं काय हाय?"

मागची भिंत कोरी होती.

काका तिथं उभे होते, रिकाम्या भिंतीजवळ, वही छातीशी धरून. "काढले हुते गं," ते म्हणाले. "मला वाटतंय काढले हुते. पण न्हाईत. काय कळंना." आणि त्यांची बोटं परत हलायला लागली. भूम, परंडा...

"काका, मोजू नका!" मी ओरडलेच. "मी उडवले! जंजिऱ्याच्या धक्क्यावर, तुम्ही नळावर गेला होता तेव्हा. एकेचाळीस. सुरूची झाडं म्हणून. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. माझीच अक्कल..." रडायला लागले.

मला वाटलं आता काका पहिल्यांदा चिडतील, आणि चिडावं असंच मला वाटत होतं. काकांनी वही पलंगावर ठेवली, पलंगाच्या कडेला बसले आणि एक लांब श्वास सोडला.

"म्हंजे मी काढले हुते," ते म्हणाले.

"हो."

"एकेचाळीस."

"हो, काका."

"मग बरं हाय," म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांचे डोळे ओले होते. मला एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी चाललं असतं.

काकू मात्र त्यांच्याकडं बघत होती. "झाडाचे एकेचाळीस? येड लागलं हुतं का तुमाला? झाड काय बगायचं एवढं?"

काकांनी पलंगावरची वही उगाच सरळ केली.

"बोला की."

"झाडाचे न्हाईत," काका जमिनीकडं बघत म्हणाले. नव्या नवऱ्यासारखे लाजले होते, सत्तरीचा माणूस. "नकाशात बगितलं हुतं. ते गाव आन् आपलं धाराशिव एका रेषेत पडतंय, पूर्व-पश्चिम. समुद्राकडं पाठ केली की नाकासमोर तू. मधी घाट हाय, भोर हाय, बारामती, बार्शी, समदं हाय. पण रेष सरळ हाय. म्हणून हुभा राहिलो. काढत बसलो."

दिवेआगर का, हे आम्हाला तेव्हा कळलं. सूर्य बुडत असताना हा माणूस कुणाकडं बघत होता ते कळलं.

काकूनं मान वळवून मागच्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली आणि अर्ध्याच हलणाऱ्या तोंडानं म्हणाली, "म्हंजे भवाने, तू मलाच उडवलंस व्हय!"

आणि हसायला लागली. लकव्यानंतर मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं, खोकला येईस्तोवर हसली. मी रडता रडता हसले. काकांनी तिला पाणी पाजलं, हनुवटीवरचा ओघळ पुसला. मग उठून खुंटीवरचा कॅमेरा काढला, पश्चिमेच्या भिंतीकडं गेले आणि समुद्राला पाठ लावून उभे राहिले. कॅमेरा डोळ्याला लावला.

"हलू नगंस," ते म्हणाले.

"थांबा की जरा," काकू म्हणाली आणि उजव्या हातानं डोक्यावरचा पदर नीट करायला लागली.